शहनाजचं स्टूल

बातमी आली तेव्हा मी नातवाच्या ताटातला पापड चोरून खात होते. मीठ मला बंद आहे, आणि ते बंद करणाऱ्या डॉक्टरीणबाई म्हणजे आमची शहनाज. फोन तिच्या धाकट्या भावाचा, आखाडा बाळापूरहून. "अक्का, आपा गेल्या. चहा घेतला अन् बसल्या जागी..." पापड माझ्या हातातच राहिला. सव्वा महिना झाला, पण अजून पापड खाताना मी आधी दाराकडे बघते. ती यायची तशी, चपला न वाजवता.

शहनाज बाळापूरच्या शिंप्याची लेक. आमची ओळख जिल्ह्याबाहेरच्या एका मोठ्या दवाखान्यात झाली. ती तिथं डॉक्टरकीचं पुढचं शिकत होती आणि मी नर्स होते. कडक इस्त्रीची टोपी, कमरेला किल्ल्या आणि डोक्यात हवा. मोठ्या डॉक्टरांच्या बुटांचा आवाज आला की मी रुग्णांनासुद्धा ताठ झोपायला सांगायचे. शहनाज शेवटच्या वर्षाला होती, शिकणाऱ्यांत सगळ्यांत पुढची, म्हणून तिला मुख्य निवासी डॉक्टर केलेलं. नाव एवढं मोठं, काम काय? ड्यूटीचा तक्ता लावायचा, रोज सकाळच्या बैठकीत आदल्या दिवसाचा अहवाल उभं राहून वाचायचा, आणि चूक कुणाचीही असो, बोलणी आपण खायची. टेबलाभोवतीच्या खुर्च्या मोठ्या डॉक्टरांच्या. मुख्य म्हणवणाऱ्या बाईला खुर्ची नव्हती, आणि मला त्यात काही वावगंही वाटत नव्हतं.

कदम नावाचा पहिल्या वर्षाचा डॉक्टर सलग दोन दिवस ड्यूटीवर होता. भरदुपारी त्यानं एका बाळंतिणीच्या कागदावर औषधाचा आकडा लिहिला, एक शून्य जास्त. मी मुकाट्यानं इंजेक्शन भरलं. डोकं चालवणं हे नर्सचं काम नाही, असं मी तेव्हा नव्या मुलींना अभिमानानं शिकवायचे. शहनाज शेजारच्या खाटेपाशी होती. ती वळली आणि तिनं माझं मनगट धरलं.

"सिस्टर, एवढं कुणी सांगितलं?"

"कागदावर लिहिलंय."

"कागदाला झोप येत न्हाई. लिहिणाऱ्याला येऊन राहिली."

बाळंतीण वाचली. मी मात्र दिवसभर फुगून बसले... चारचौघांत मनगट धरलं म्हणून.

दुसऱ्या दिवशी बैठकीला ती आली ती काखेत स्टूल घेऊन. तिच्या वडिलांच्या शिलाई मशीनमागचं लाकडी स्टूल, वसतिगृहात अभ्यासाला बसायला आणलेलं. एक पाय आखूड, म्हणून त्याखाली खाकी कापडाची शिवलेली घडी. टेबलाशी ते टेकवून ती बसली. विभागप्रमुख कदमवर कारवाई करायला निघाले होते. ती म्हणाली, "सर, उभं राहून नुसता जबाब देता येतो. मला बोलायचंय." तिनं दोनच गोष्टी मागितल्या. थकलेल्या डॉक्टरला झोपायला पाठवायचा हक्क, आणि अडलं तर मोठ्या डॉक्टरला घरून बोलवायचा हक्क. साहेब हसले. "तू मुख्य आहेस, मालकीण न्हाईस."

"मग चूक झाली की माझं नाव काहून येतं, सर? तवा तर बराबर मीच मुख्य असते."

बैठक संपल्यावर साहेब मला नुसतं "ते स्टूल..." एवढंच म्हणाले. पुढचं सगळं मी माझ्या हुशारीनं केलं. स्टूल अडगळीच्या खोलीत नेलं, लाल शाईनं कागदावर 'भंगार' असं सुवाच्य अक्षरात लिहिलं आणि चिकटवलं. 'भंगार'खाली रेघसुद्धा मारली, पट्टी लावून.

दुसऱ्या सकाळी शहनाजनं स्टुलाची रिकामी जागा बघितली आणि सरळ फरशीवर मांडी घातली. तिथून तिनं अहवाल वाचला. ती दिसावी म्हणून मोठमोठ्या डॉक्टरांना टेबलावरून माना लांबवाव्या लागल्या. तिसऱ्या दिवशी मीच स्टूल परत आणून ठेवलं. धाडस वगैरे काही नव्हतं हो. पांढरा कोट फरशीला मळतो, ते मला बघवेना. पण त्यानंतर मी कागदावरचा प्रत्येक आकडा वाचू लागले, आणि कदम त्या आठवड्यात पहिल्यांदा आठ तास झोपला. लेखी हुकूम कधीच निघाला नाही. ती होती तोवर चाललं. शिक्षण संपवून ती स्टूल घेऊन बाळापूरला गेली आणि तिच्या मागं पुन्हा पहिल्यासारखंच झालं.

पुढं मी निवृत्त होऊन हिंगोलीत आले. शहनाजही उतारवयात इथल्या माळावरच्या ट्रस्टच्या दवाखान्यात नव्या डॉक्टरांना शिकवायला यायची. गेल्या महिन्यात तिथंच तिची शोकसभा झाली. अध्यक्षांनी माईकवरून जाहीर केलं की मुख्य निवासी डॉक्टरचं पद यापुढं शहनाजच्या नावानं ओळखलं जाईल. पहिला मान कनेरगाव नाक्याच्या वैष्णवीला, शेतकऱ्याची पोरगी. तिला शाल दिली, बिल्ला लावला, फोटो झाला. मी खालून विचारलं, "साहेब, हिला अडलं तर तुमच्या मोठ्या डॉक्टरांना घरून बोलवता येईल का?" लोक हसले. म्हाताऱ्या बाईनं काहीही विचारलं तरी हसायची पद्धत आहे आपल्याकडे. अध्यक्ष म्हणाले, "आजी, ते हळूहळू. आधी लीडरशिप तर शिकू द्या."

बाहेर मी वैष्णवीला गाठलं. काय काय शिकवतात गं? ती म्हणाली, "ड्यूटीचा तक्ता, पाहुण्यांचं स्वागत, अन् रांगोळी स्पर्धा."

"बैठकीत बसतेस कुठं?"

"उभीच राहते, आजी."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला, आणि तो अजून शांत झालेला नाही. ज्या गोष्टीशी शहनाज जन्मभर भांडली, तिलाच तिचं नाव देऊन मोकळे झालात? जबाबदारी पोरांना द्यायची, हक्क आपल्या खिशात ठेवायचा आणि वर त्याला शिक्षण म्हणायचं? मी याला आडोसा म्हणते. पुढं एक पोर उभी करायची, मागं सगळी मोठी माणसं सुखरूप. तुमची शाल तुम्हीच पांघरा. त्या पोरीला आधी बसायला जागा द्या.

शहनाजच्या भावाकडून मी स्टूल मागून घेतलं. रिक्षानं दवाखान्यात नेलं आणि बैठकीच्या खोलीत टेबलाशी ठेवून आले. आठ दिवसांनी बीपी तपासायला गेले तर स्टूल जागेवर नाही. शोधत शोधत अडगळीच्या खोलीत पोचले. तिथं होतं. वर कागद, 'भंगार'. दारात एक तरणी नर्स, पूजा नाव तिचं, कडक इस्त्रीत. म्हणाली, "आजी, वरून सांगितलं."

मी तिच्याकडे बघितलं आणि मला हसू आलं... रागातसुद्धा. तिचं अक्षरही माझ्यासारखंच गोल. फक्त रेघ मारायची राहिली होती. तिला मी माझी सगळी करामत सांगितली, मनगटापासून लाल शाईपर्यंत. मग तिनं कागद फाडला आणि स्टुलाची एक बाजू उचलली.

तेव्हापासून बैठकीच्या आधी पूजाचा रोज फोन येतो. "आजी, हाय जागेवर. वैष्णवी मॅडम बसल्या." एवढं ऐकलं की मी चहा घेते. वैष्णवीनं परवा सगळ्यांसमोर तेच दोन हक्क मागितले म्हणे. बसून मागितले. उत्तर आलेलं नाही.

आज सकाळीही फोन आला. "आजी, आज न्हाई दिसून राहिलं."

मी चप्पल घातली आहे. ओढाताणीत स्टुलाच्या आखूड पायाखालची घडी हरवली असेल, म्हणून खाकी कापडाची एक नवी शिवून पदराला बांधून घेतली आहे. रिक्षा दारात उभी आहे.