घरच्या माणसाचा विमा

अधिक महिना आला की मला माझ्या योग्यतेपेक्षा फार मोठा मान मिळतो. त्यासाठी मी काही केलेलं नाही. डोणगावच्या एका मुलीशी लग्न केलं, एवढंच. सासुरवाडीला पाटावर बसवतात, पायांवर पाणी घालतात, अनारसे आणि कपडे देतात, आणि तासभर अशी काही विनवणी करतात की पाऊस पाडायचं खातं माझ्याकडे असावं. जेवणं झाली की मी पुन्हा चिखलीच्या कॉलेजचा ग्रंथपाल होतो, आणि ग्रंथपालाला डोणगावात काही किंमत नाही.

गेल्या खेपेला धोंड्याच्या जेवणाच्याच दिवशी मेहुण्यांनी गाडीच्या विम्याचा एजंटही बोलावला होता. मेहुणे म्हणजे बायकोचे थोरले भाऊ. ओलिताची जमीन, गावात शब्दाला वजन, आणि वर्षापूर्वी घेतलेली पांढरी, उंच गाडी. अधिक महिन्यात नवं काही घेत नाहीत, पण जुनं वाढवायला शास्त्राची हरकत नसते. शिवाय मेहुण्यांना कोणतीही गोष्ट प्रेक्षकांशिवाय करता येत नाही, आणि जावयाइतका बांधलेला प्रेक्षक दुसरा नाही.

मेहकरचा तो एजंट ओसरीवर बसून समजावू लागला. आपल्या गाडीनं दुसऱ्याचं नुकसान झालं तर ते भरून देणारा विमा कायद्यानं लागतोच, आणि मालकाच्या जिवाचाही. "बाकी सगळं तुमच्या मर्जीचं," तो म्हणाला.

मर्जी हा शब्द ऐकून मेहुणे सावरून बसले. "मर्जीचं सारं सांगा."

एजंट एकेक सांगत गेला. अपघातात गाडीचा पार चुराडा झाला तर पूर्ण किंमत. इंजिनात पाणी शिरलं तर त्याचा खर्च. टायरचं वेगळं, किल्ली हरवली तर तिचं वेगळं. प्रत्येक वेळी मेहुण्यांचा प्रश्न एकच होता. रस्त्यापलीकडे राहणाऱ्या, याच एजंटकडून गाडीचा विमा काढणाऱ्या चुलतभावाच्या घराकडे बोट दाखवून ते विचारत, "त्यानं घेतलं काय?"

"नाही. ते म्हणाले, गरज नाही."

"मंग टाका."

लग्नाच्या पंगतीत जिलबी वाढवावी तसा विमा वाढत गेला. ज्या शिवारात उन्हाळाभर टँकरची वाट पाहतात, तिथे इंजिन पुरात बुडण्याची सोय झाली. किल्लीचीही झाली. ती ड्रायव्हरच्या करगोट्याला बांधलेली असते आणि तो अंघोळीलाही सोडत नाही. 'मालक-चालक' म्हणून मेहुण्यांच्या जिवाचा विमा तर कायद्यानंच होता. त्यांच्याकडे लायसन आहे. त्यांनी गाडी आयुष्यात एकदाच चालवली, ती गुरांसाठी रचलेल्या कुटाराच्या ढिगात जाऊन थांबली.

शेवटी एजंटनं विचारलं, "पगारी ड्रायव्हरचा अपघात विमा घ्यायचा? सगळ्यात स्वस्त तोच आहे."

"त्याले कायले?" मेहुणे म्हणाले. "तो त घरचाच हाय."

आमच्याकडे हे वाक्य कुणाला काही द्यायचं नसलं की म्हणतात. घरचा माणूस पहाटे तीनला उठतो, मालकाला समृद्धी महामार्गानं नागपूरला नेतो, मालक मागच्या सीटवर घोरत असताना डोळे ताणून जागा राहतो, आणि पंगतीत शेवटी जेवतो. त्या क्षणी तो अंगणात गाडीची चाकं धूत होता. त्याला दोन मुली आहेत, शेत नाही.

मी म्हणालो, "दादा, गाडीला काही झालं तर पुढे तोच बसलेला असणार."

"त्याले काई होत नाई. पट्टीचा ड्रायव्हर हाय तो."

"टायरही नवे आहेत. त्यांचा विमा घेतलाच ना?"

"जावईबापू, तुमी पुस्तकं वाचता," मेहुणे प्रेमानं म्हणाले. या घरात वाद असा संपतो.

पानं वाढली. तुपात बुडालेले पुरणाचे धोंडे समोर आले. जावयाच्या रुसव्याची मी आयुष्यभर टिंगल केली आहे. माझे थोरले साडू एकदा घड्याळासाठी पानावरून उठले होते. चाळिशीतला माणूस भोकाड न पसरता रडतो तो असा, असं मी तेव्हा बायकोला म्हटलं होतं. त्या दिवशी मी हात मांडीवर ठेवून बसून राहिलो.

"काय झालं बापू?" सासूबाई घाबरल्या. "काई कमी राह्यलं काय?"

"मला धोंड्याचं मागायचं आहे."

मेहुण्यांची नजर आधी अंगणातल्या गाडीकडे गेली. बायको दातांतल्या दातांत म्हणाली, "काय लावलंय तुम्ही हे?"

"ड्रायव्हरचा विमा," मी म्हणालो.

मेहुणे हसले. "धोंड्यात असं कोणी मांगते काय? अंगठी मांगा."

"अंगठी नको."

"लोकाइले सांगू काय मी? जावयानं ड्रायव्हर मांगतला?"

"देऊन टाक ना रे," सासूबाई म्हणाल्या. "अधिकात जावाई उपाशी उठला त गाव काय म्हणीन?"

तर्कानं जे झालं नाही ते गावानं केलं. पलीकडच्या पानावर बसलेल्या एजंटला मेहुणे म्हणाले, "लिहा." मी जेवलो. धोंडे उत्तम होते.

हात धुवून होईपर्यंत ही कल्पना मेहुण्यांची झाली होती. पान खायला आलेल्या प्रत्येकाला ते सांगत होते, "आपन ड्रायव्हरचाही काढला. या गावात कोणी काढते काय?" पलीकडे चुलतभाऊ आपल्या दारात उभा राहून ऐकत होता. त्याचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं.

संध्याकाळी त्याच गाडीतून आम्ही चिखलीला निघालो. मेहकर मागे पडल्यावर ड्रायव्हरनं आरशातून माझ्याकडे पाहिलं.

"अंगठी सोडली म्हनते तुमी."

"हो."

"दिवाळीपासून पगाराचं बोलनं चालू होतं माह्यं. आज मालक म्हनले, तुहा इमा काढला, आता पगाराचं नाव काढू नको."

बायकोनं खिडकीबाहेर पाहिलं.

"काय काय भेटते त्याच्यात?" त्यानं विचारलं.

मी सांगितलं.

"हात मोडला त?"

"नुसता मोडला तर नाही. कायमचा गेला तर."

"म्हंजे अपघात मोठाच झाला पायजे," तो म्हणाला, आणि समोरून येणाऱ्या खताच्या ट्रॉलीला वाट द्यायला त्यानं गाडी कडेला घेतली.