कडुनिंबाखालची तेरावी खुर्ची

मे महिन्यातल्या दुपारी नागपुरातला शहाणा माणूस कूलरसमोरून हलत नाही. मीही हललो नव्हतो. तेवढ्यात ईमेल आला, की साऱ्या जगातल्या साध्या लोकांची एक सभा भरते आहे, वाढत्या उष्णतेचं काय करायचं ते ती ठरवणार आहे, आणि चिठ्ठ्या टाकून निवडलेल्यांत माझं नाव निघालं आहे. जन्मभर शाळेत भूगोल शिकवलेल्या माणसाला पृथ्वीनं स्वतःहून बोलावणं धाडलं, असंच मला वाटलं. बायको म्हणाली, "ओटीपी मागितला तर देऊ नका बाप्पा."

सभा लॅपटॉपवर होती. पहिल्याच दिवशी माझी पाळी आली. मी तोंड उघडलं आणि पडद्यावरचे चेहरे घाबरले. सभा चालवणाऱ्या, कुठल्याशा थंड देशातल्या बाईंनी दुभाष्यामार्फत विचारलं, "तुमच्याकडे वादळ आलंय का? तुम्ही सुरक्षित आहात ना?" वादळ कसलं, आमचा कूलर होता तो. तो चालू असला की जगाला माझं ऐकू येईना, आणि बंद केला की घरच्यांचा जीव कासावीस.

"जगाचं भलं करून राहिले अन् घरच्यायले उकडून राहिले," बायको पदरानं वारा घेत पुटपुटली.

पण बोललो मी झकास. माझ्या आधी एका बेटावरची बाई बोलली होती. तिच्या गावात समुद्र घरापर्यंत आला होता. ती म्हणाली, धूर करणारे देश ठरवतात आणि बुडतो आम्ही, मग तिथे आम्हाला मत का नाही? तिचाच धागा धरून मी ठणकावलं, "ज्याच्या डोक्यावर ऊन, त्याला मत! मग तो कुठल्या का देशाचा असेना." पडद्यावर टाळ्यांची चित्रं उसळली. माझं वाक्य जसंच्या तसं ठरावात गेलं. त्यानंतर दोन दिवस मी घरात जमिनीपासून चार बोटं वरून चालत होतो.

आता जमिनीवरची गोष्ट. आमच्या बारा फ्लॅटच्या स्कीमचा मी सेक्रेटरी. फाटकापाशी एक जुना कडुनिंब आहे आणि त्याच्याखाली एक बाई ठेल्यावर कोळशाची इस्त्री करते. रोज कामठीहून शेअर ऑटोनं येते. कडुनिंबाचा दोष एवढाच, की तो खाली उभ्या गाड्यांवर पानं, निंबोळ्या आणि पाखरांची शिट टाकतो. तो तोडून तिथे टिनाचं शेड घालावं आणि त्यासाठी महापालिकेकडे परवानगीचा अर्ज करावा, हा विषय रविवारच्या मीटिंगला होता. विषय मांडणारा मीच. मी नुकतीच पांढरी गाडी घेतली होती आणि पाखरं रोज सकाळी तिच्यावर आपलं मत नोंदवत होती.

मी नोटीस लिहीत होतो, तर बायकोनं विचारलं, "इस्त्रीवालीले काहून नाही बोलावलं?"

"ती मेंबर नाही. तिचा इथे फ्लॅट कुठे आहे?"

"मंग त्या जगाच्या सभेत तुमचा कोणता फ्लॅट आहे?"

मला राग आला. उत्तर नसलं की मला नेहमीच येतो. त्या रागातच मी नोटिशीत फेरफार केला. मीटिंग संध्याकाळी सहाऐवजी दुपारी एकला, आणि माझ्या हॉलऐवजी मागच्या अंगणात, जिथे स्कूटर ठेवायला आधीच एक टिनाचं शेड आहे. हौस आहे ना शेडची, मग बसा. खुर्च्या मात्र तेरा मांडल्या, बारा फ्लॅटच्या बारा आणि एक इस्त्रीवालीची.

लोक आले आणि टाळू भाजायला लागली. चहाचे कप कुणी हातात घेईना. मागच्या मीटिंगचा वृत्तांत मी वाचत होतो, तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावरच्या वकिलांनी "नीट ऐकू येत नाही" म्हणत खुर्ची उचलली आणि दूर कडुनिंबाखाली नेली. मग डॉक्टरीणबाई उठल्या. मुख्य विषय येईपर्यंत तेराच्या तेरा खुर्च्या तिथे होत्या, आणि निंबाच्या सावलीत बसून निंब तोडण्याची चर्चा रंगात आली.

तेराव्या खुर्चीवर इस्त्रीवाली बसली होती, अंग चोरून. पहिल्या मजल्यावरचे रिटायर्ड साहेब कडाडले, "हिला मत? नियमात कुठे आहे?"

"दुपारी एकला मीटिंग तरी नियमात कुठे आहे?" मी म्हणालो आणि माझं जगन्मान्य वाक्य त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांच्या अंगात तिनंच इस्त्री केलेला शर्ट होता. बहुधा म्हणून ते पुढे फार बोलले नाहीत.

"बोल वं," मागे उभी असलेली माझी बायको तिला म्हणाली.

"काय बोलू बाई? हातात निखारा, अन् वरतं टीन आलं, तर मी उभी कुठी राहू? पुढच्या झाडाखाली दुसरीचा ठेला हाय."

मतदान झालं. तोडावा म्हणणारे सहा हात. तोडू नये म्हणणारे पाच आणि तिचा सहावा. सहा-सहा. मी वहीत लिहिलं, आणि मान वर केली तर ती खुर्चीवर नव्हती. ठेल्यापाशी जाऊन कपड्यांचं गाठोडं बांधायला लागली होती. असल्या मीटिंगांचं काय होतं ते तिला बारा फ्लॅटवाल्यांपेक्षा चांगलं ठाऊक असावं.

गाठ आवळता आवळता ती म्हणाली, "काकाजी, तुमचा हात राह्यला ना."

तक्रार नव्हती तिच्या आवाजात. विसरलेल्या कपड्याची आठवण करून द्यावी, तसं म्हणाली. आणि खरंच राहिला होता. साऱ्या जगाला मत वाटत सुटलेला मी, माझा हात त्या पांढऱ्या गाडीसाठी खिशात ठेवून बसलो होतो. मला भयंकर लाज वाटली. सावलीत बसून कान तापले माझे.

मी हात वर केला.

तिनं एकदा हाताकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग बांधलेली गाठ सोडली, वरचाच एक सदरा काढून ठेल्यावर पसरला आणि त्यावर पाणी शिंपडलं. सदरा माझाच होता.

"दहा मिनिटं थांबा काकाजी," ती म्हणाली, "हा घेऊनच जा."