मुरमाड वाटा

थोरल्यानं वाटे पाडायचे आणि धाकट्यानं आधी उचलायचा, ही आमच्याकडची रीत. सासरे गेल्यावर दोघा भावांची वाटणी झाली, तेव्हा आमच्या मालकांनी डोळे झाकून कयाधू नदीकाठची काळी जमीन उचलली. थोरल्या दिरांच्या वाट्याला हिंगोलीच्या स्टेशन रस्त्याची मुरमाड पट्टी आली. तिथं धड गवतही उगवत नव्हतं. जाऊबाई तोंडाला पदर लावून बसल्या होत्या आणि खरं सांगते, मला बरं वाटलं होतं.

मग रस्त्यापलीकडं कापसातली सरकी काढायचा जीन सुरू झाला आणि गाव तिकडं सरकू लागलं. आधी जिनातल्या मजुरांच्या झोपड्या आल्या, मग एका शिंप्याचं घर, मग मास्तरांचं. दोन घरांमधल्या मोकळ्या जागेत तिसरं बसलं. जिथं म्हशी बसायच्या तिथं बोळ झाला. हातभर खणलं की पक्का मुरूम लागायचा, भिंत जागची हलायची नाही. आणि आमची काळी! ज्वारी पिकवावी तर तिनंच, पण दर उन्हाळ्यात भेगाळायची आणि शेतातल्या आमच्या घराच्या भिंती उभ्या चिरायच्या. माती लिंपून लिंपून माझे हात मोडून आले.

थोरल्या दिरांना त्या जागांचं भाडं मिळायचं, त्याचं मला एवढं वाटत नव्हतं. पण दुपारी जाऊबाईंच्या ओट्यावर बायका जमायच्या, कुणी वाती वळतंय, कुणी डाळ निवडतंय, ते बघून माझ्या पोटात दुखायचं. माझ्याकडं बोलायला बैल होते. परतताना मी मालकांना म्हणायची, "काय ती दाटी. शिंकलं तरी शेजारी ऐकून राहिला."

गावोगाव लुटालूट, जाळपोळ सुरू झाली, त्या गडबडीच्या साली शेतात राहणं अवघड झालं. खेड्यांतली माणसं जीव मुठीत धरून हिंगोलीला येऊ लागली. मुरमाड पट्टीवर मुंगी शिरायला जागा उरली नाही. शेजारच्या शेतातली कडब्याची गंजी कुणीतरी पेटवली, तेव्हा मी लेकरांना घेऊन जाऊबाईंच्या दारात उभी राहिले.

"बाई, छपराएवढी जागा मिळंल का कुठं?"

त्या मला घराच्या कडेला घेऊन गेल्या. तिथं बाभळीच्या काट्यांनी कुपाटी केलेला एक तुकडा मोकळा होता. सरपणाची जागा असेल, असं मी इतकी वर्षं समजत होते.

"ही तुजीच हाय," जाऊबाई म्हणाल्या. "किती जणांनी मागितली, म्या दिली न्हाई. तू काहून इचारलं न्हाईस?"

त्याच जागेवर आमचं घर झालं. बोळातल्या बायका म्हणतात, अशी जाऊ मिळायला नशीब लागतं. मी व्हय म्हणते. पूर्वी जाऊबाईंवर जळायला मी मोकळी होते. आता त्यांच्याच भिंतीला भिंत लावून राहते, आणि तेवढंही सुख मला उरलं नाही.