मी न घेतलेलं लेक्चर

मी गणित शिकवते. सिद्ध होत नाही ते मानायचं नाही, एवढा साधा हिशोब होता माझा... भूतबित, संकेतबिंकेत ऐकलं की हसू यायचं. आता येत नाही.

कॉलेज कर्जतजवळ, घर खोपोलीला शिळफाट्यावर. गेल्या वर्षी घरीच इंजिनिअरिंग मॅथ्सची लेक्चर्स रेकॉर्ड करून ऑनलाइन विकायला ठेवली. शेवटचा चॅप्टर तेवढा राहिला – बाबा आजारी पडले आणि गेले. नंतर कॅमेऱ्याला हात लावावासाच वाटला नाही.

यंदा कळलं, पोरांनी सगळी लेक्चर्स ग्रुपवर फुकट वाटली आहेत. डोकंच फिरलं. वकील म्हणाले, "कॉपीराइट तुमचा, तक्रार करू. आधी कुठल्या फाइल्स फिरतायत ते बघा." म्हणून भरदुपारी नेरळच्या प्राजक्ताला स्टाफरूममध्ये बोलावलं. माझीच विद्यार्थिनी, त्याच ग्रुपवरची. ती रडायलाच लागली.

"सॉरी मॅडम... पण शेवटच्या लेक्चरमुळेच पास झाले मी."

"शेवटचं? ते मी घेतलंच नाही गं."

तिने मोबाइल पुढे केला. माझी खोली, माझा बोर्ड, माझं अक्षर... आणि मी. शेवटचा चॅप्टर शिकवत होते. मध्येच आतून हाक आली –

"सुमे, झालं का नाय गं तुजं? च्या ठेवतो."

"आले बाबा, एवढं एकच गणित."

मी व्हिडिओ थांबवला. कॉलेजात मी स्वाती. सुमी फक्त बाबांची.

प्राजक्ता हळूच म्हणाली, "तुमचे वडील ना? आम्हाला वाटलं, तुम्ही कट करायला विसरलात."

घरी लॅपटॉप, कॅमेऱ्याचं कार्ड, सगळं उलटंपालटं केलं. काही नाही. ग्रुपवर कोणी टाकलं, कोणालाच माहीत नाही. भाचा म्हणतो, एआय असेल. असेलही... पण बाबांचा आवाज कधी कुठे रेकॉर्डच झाला नव्हता. मोबाइल तर ते हातातही धरायचे नाहीत.

"शेवटचं लेक्चरही तुमचंच ना?" वकिलांनी विचारलं. काय सांगणार? आवाज माझा, अक्षर माझं, पण मी ते घेतलेलं नाही. तक्रार तशीच पडून आहे.

"मॅडम, डिलीट करू का सगळं?" परवा प्राजक्ताने विचारलं.

"बाकीचं कर. ते एक... आधी मला पाठव."

रोज बघते. गणित संपतं, व्हिडिओतली मी लगबगीने आत जाते. रिकामा बोर्ड दिसत राहतो, आतून कपबशांचा आवाज येतो. आम्ही दोघं काहीतरी बोलत असतो... कितीही आवाज वाढवला तरी काय ते कळत नाही.