गेरूची लाकडी भिंत

यांच्या लाकडी भिंतीचे किस्से आमच्या सेक्टर दोनमध्ये इतके साठलेत की भिंत पडली तरी ते उभे राहतील. हे गेल्यावर भेटायला आलेले लोकही डोळे पुसत तेच सांगत बसले.

हे स्टील प्लांटमध्ये सुतार होते. भट्टीच्या कामावर आलेल्या एका स्वीडिश साहेबानं यांना आपल्या गावच्या घराचा रंगीत फोटो दिला. उभ्या फळ्या, सांध्यांवर अरुंद पट्ट्या, सगळं लाल. कोपरे आणि चौकटी तेवढ्या पांढऱ्या.

शेजारच्या गौराबाईंनी फोटो उलटापालटा करून पाहिला.

"सायेब फुकटात कावून देईन वो बाई? मांगं काही लिवलं हाय का पाय."

*

यांनी व्हरांड्याला तशीच भिंत घातली. मशिनरीच्या खोक्यांच्या फळ्या गेटपास घेऊन आणल्या होत्या. तरी गल्लीत एकच विषय, "लाकडामांगं काय लपवून राहिले?"

सांध्यांवर पट्ट्या ठोकायच्या आधीच एकानं फटीला डोळा लावला. आत मी केस विंचरत होते.

"काई नाई, वहिनीच हाय," त्यानं रस्त्यावरच्या लोकांना कळवलं.

*

मग रंगाचा संशय. हा लाल रंग प्लांटचाच, असं ठरलं. खरं तर तो गेरू होता, माझ्या स्वयंपाकघरातल्या जवसाच्या तेलात कालवलेला. पांढरा म्हणजे चुना.

गौराबाई भिंतीला नाक लावून उभ्या राहिल्या. "प्लांटचा नसंन. याले चटणीचा वास येऊन राहिला."

*

तरीही कुणीतरी तक्रार केलीच. सिक्युरिटीचा इन्स्पेक्टर आला. चोरी ठरली तर नोकरी आणि क्वार्टर, दोन्ही जाणार होती.

त्यानं गेटपास वाचला. फळ्या मोजल्या. पुन्हा मोजल्या.

"पास में बाईस, दीवार में तेईस."

मी दाराची चौकट धरून उभी. यांनी मला यातलं काही सांगितलं नव्हतं.

"ये कोनेवाली बाक़ी से चौड़ी है. कहाँ से आई?" म्हणत त्यानं खिशातल्या किल्लीनं रंग खरवडला. खाली खोक्यावरची काळी अक्षरं दिसू लागली.

हे हळूच म्हणाले, "साब, ये आपके घर की है. मेमसाब को पोळपाट बनाके दिया था, तब उन्होंने दी. बोलीं, पिछवाड़े में ऐसी बहुत पड़ी हैं."

इन्स्पेक्टरनं किल्ली खिशात टाकली. दोन पावलं मागं सरून त्यानं भिंत निरखली.

"यहाँ रंग थोड़ा निकल गया है," तो म्हणाला. "लगा देना."