मामांनी करून दिलेल्या चाव्या

चावीवाले मामा गेले तेव्हा अंत्यविधीत वाचायचं त्यांचं अल्पचरित्र लिहायला पाळक बसले, आणि अर्ध्या पानावर अडले. बावीस वर्षांची ओळख. दर रविवारी मामा दाराजवळच्या शेवटच्या बाकावर, भिंतीकडच्या टोकाला. पण त्यांचा जन्म कुठला, शाळा किती झाली, चाव्यांचा धंदा वडिलांकडून आला की कुणाच्या हाताखाली शिकले, यातलं काहीच पाळकांना सांगता येईना. मामांची बायको वारली तीही पाळक या मंडळीत येण्याआधीच. मुलगी लांबच्या शहरात. मामा चहा बिनसाखरेचा घेत, पण तो आवडीने की डॉक्टरने सांगितलं म्हणून, हेही कधी विचारलं गेलं नव्हतं. पाळकीणबाई म्हणाल्या, तुमचं त्यांच्याशी जे झालं ते लिहा की. ते अंत्यविधीत वाचण्यासारखं नव्हतं. म्हणून अर्धंच पान वाचलं गेलं. उरलेलं ते हे.

पाळक या मंडळीत आले तेव्हा अडतीस वर्षांचे होते आणि अंगात हुरूप मावत नव्हता. आल्या आल्या त्यांनी चर्चच्या मागच्या भिंतीवर एक मोठा फळा लावला. त्यावर सात गट. स्वच्छतेचा, फुलांचा, गाण्यांच्या पुस्तकांचा, दुरुस्तीचा, वगैरे. प्रत्येक गटाला एक प्रमुख, प्रत्येक प्रमुखाखाली सहा-सात नावं. मंडळी वाढायची असेल तर सगळ्यांनी हात लावला पाहिजे, आणि कोणी कुठे हात लावायचा हे लिहून ठेवलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं होतं. मामांचं नाव फळ्यावर कुठेच नव्हतं. जुन्या पाळकांच्या काळापासून रविवारी दार उघडणं आणि उपासना सुटल्यावर बंद करणं एवढं काम त्यांच्याकडे होतं. त्याला गट लागत नव्हता.

आणि फळा चालला. चालला म्हणजे असा, की दोन-तीन वर्षांत चर्चचं रूप पालटलं. बाकांवर बोट फिरवलं तर धूळ लागत नसे. भिंतीवरचं घड्याळ कधी मागे पडलं नाही. फुलदाणीतलं पाणी ताजं, प्रभुभोजनाच्या मेजावरची चादर इस्त्रीची, गेलेला दिवा पुढच्या रविवारी लागलेला. माणसंही वाढली, बाक कमी पडायला लागले. पाळकांनी वरच्या कार्यालयाला सविस्तर अहवाल पाठवला. तिथून उत्तर आलं की आपली पद्धत इतर पाळकांनाही समजावून सांगा. ते दोन-चार ठिकाणी जाऊन बोलून आले. मग कानावर आलं की मोठ्या शहरातल्या मोठ्या चर्चसाठी त्यांच्या नावाचा विचार चालू आहे. पाळकीणबाईंनी पडदे धुवायचं लांबणीवर टाकलं. जायचंच आहे तर कशाला, म्हणाल्या.

सगळं फिसकटलं ते एका साध्या दुपारी. मंडळीचे सेक्रेटरी विम्याच्या कचेरीतून निवृत्त झालेले, नियमाचे पक्के. काही कागद न्यायला ते चर्चमध्ये गेले तर दार आतून लावलेलं. ठोठावल्यावर एका बाईने उघडलं. डोळे सुजलेले, गालावर बाकाच्या लाकडाचा वळ. इस्पितळातली परिचारिका होती, मंडळीतलीच. रात्रपाळी संपली की घरी जायच्या आधी ती इथे येऊन अर्धा तास बसायची, त्या दिवशी डोळा लागला. आत कशी आलात विचारलं तर तिने पिशवीतून चावी काढून दाखवली. कोणी दिली ते मात्र सांगितलं नाही. सेक्रेटरींनी चावी काढून घेतली. आत कपाटात प्रभुभोजनाचे चांदीचे पेले होते, आणि त्यांची जबाबदारी कागदोपत्री सेक्रेटरींवर होती. त्यांचं घाबरणं खोटं नव्हतं. आठवड्याभरात कमिटीने नवं कुलूप बसवून घेतलं. चाव्या दोनच, एक पाळकांकडे आणि एक सेक्रेटरींकडे. रविवारी दारही सेक्रेटरीच उघडायला लागले. मामा आपल्या बाकावर येऊन बसत.

पहिल्या रविवारी फुलं कोमेजलेली होती. दुसऱ्या रविवारी घड्याळ बंद पडलं. तिसऱ्या रविवारी एका आजींच्या पांढऱ्या साडीवर बाकाच्या धुळीचा पट्टा उठला आणि घरी जाईपर्यंत त्यांना ते कुणी सांगितलं नाही. पाळकांनी गटप्रमुखांना बोलावलं. स्वच्छतेचे प्रमुख म्हणाले, होतच होतं की सगळं, मला वाटलं फुलांचा गट जाता जाता झाडून घेतो. फुलांच्या प्रमुखांना वाटत होतं की ते पाळकीणबाई बघतात. घड्याळाला किल्ली कोण देतं हे तर कुणालाच ठाऊक नव्हतं. हळूहळू उलगडलं ते असं, की सात गटांपैकी पाच गट एकदाच एकत्र आले होते, फोटोसाठी.

मग एके सकाळी पाळकांना चर्चच्या पायरीवर एक निवृत्त बसड्रायव्हर भेटला. काखेत फडकं, हातात चावी, आणि ती तो कुलपात उलटसुलट फिरवत होता. परगावी होता म्हणून त्याला नव्या कुलपाची खबर नव्हती.

"झिजली वाटतं," तो म्हणाला. "मामांकडून घासून आणायला पाहिजे."

मामांचं दुकान एका इमारतीच्या जिन्याखाली होतं. आत एक माणूस बसला की दुसऱ्याने बाहेर उभं राहायचं. फळीला चावी घट्ट धरायची पकड बसवलेली, फळीवर कानशी ओळीने, मागे खिळ्यांना कोऱ्या चाव्यांचे झुबके. पाळकांनी विचारलं, किती जणांना दिल्यात. मामा म्हणाले, मोजल्या नाहीत. तुमच्याकडे लोकांनी मागितल्या का, तर म्हणाले, मागितल्या असत्या तर दिल्या नसत्या.

"उपासना सुटली की काही माणसं घुटमळतात," मामा म्हणाले. "पुस्तकं नीट लाव, चादर सरळ कर, उगाच खिडकीची कडी बघ. मी कुलूप घेऊन उभा राहिलो की नाइलाजाने निघतात. आता माझा सगळा धंदा दाराबाहेर अडकलेल्या माणसांचा. मला ते बघवत नाही."

"आणि मला सांगावंसं नाही वाटलं?"

"तुमचा फळा छान चालला होता," मामा म्हणाले आणि कानस फडक्याने पुसली. "म्हटलं, कशाला त्याला धक्का."

पाळकांना हे टोमण्यासारखं लागलं. खरं तर तो टोमणा होता की नाही, हे त्यांना पुढेही कधी ठरवता आलं नाही. पण त्या दिवशी ते तणतणतच परतले, वाटेत सेक्रेटरी भेटले, आणि मामांचं नाव त्यांच्या तोंडून निघून गेलं. सगळं विस्कटलं ते कुलपाने, हे त्यांना सांगायचं होतं. सेक्रेटरींनी त्यातलं नाव तेवढं उचललं.

कमिटी बसली. मामांना बोलावलं. सेक्रेटरींनी शांतपणे विचारलं, कोणाकोणाकडे चाव्या आहेत ती नावं सांगा, आम्ही परत घेतो, विषय संपला. मामा म्हणाले, नावं नाही सांगणार. सेक्रेटरींनी तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा मामा म्हणाले, दिलेली वस्तू त्यांची झाली, आता त्यांना विचारा. मग ठराव आला की मालमत्तेबाबत विश्वासघात केल्यामुळे यांचं नाव सभासदांच्या वहीतून कमी करावं. हात वर झाले. पाळक अध्यक्ष होते आणि अध्यक्षाला मत नसतं. तो नियम त्या दिवशी त्यांना फार सोयीचा वाटला. आपण तोंड उघडलं तर फळ्याचं पितळही उघडं पडणार, आणि वरच्या कार्यालयात आपली फाईल कुणाच्या तरी मेजावर आहे, हे दोन्ही त्या वेळी त्यांच्या डोक्यात होतं. ते नव्हतं असं त्यांनी पुढे कधी म्हटलं नाही.

पुढच्या रविवारी मामा नेहमीच्या वेळी आले आणि नेहमीच्या जागी बसले. नाव कमी झालेल्या माणसाने काय करायचं असतं हे ठरावात लिहिलेलं नव्हतं, त्यामुळे कुणी त्यांना काही म्हणू शकलं नाही. गाणं सुरू झालं तसे उठले, संपलं तसे बसले. पाळकांचा उपदेश त्या दिवशी एकजुटीवर होता, महिन्याभरापूर्वी ठरलेला. अर्ध्यात पाळकांना आपलाच आवाज दुसऱ्या कुणाचा असावा तसा ऐकू यायला लागला. उरलेला त्यांनी कसाबसा वाचून काढला.

घरी आल्यावर ते जेवले नाहीत. पाळकीणबाईंनी दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा ताट झाकून ठेवलं आणि म्हणाल्या, "मोठ्या चर्चमध्ये गेलात तरी तोंड हेच न्यावं लागेल. काय करायचं ते इथेच करून टाका." त्या आठवड्यात त्यांनी पडदे काढून धुवायला टाकले. पाळकांना काय ते कळलं.

त्याच्या पुढच्या रविवारी उपासनेआधी पाळकांनी फळा खिळ्यावरून उतरवला आणि भिंतीला पालथा टेकवून ठेवला. उपदेशाच्या वेळी त्यांनी सांगितलं की त्या फळ्यावर लिहिलेलं काम फळ्यावरच्या लोकांनी केलेलं नाही. ते कोणी केलं हे मला माहीत नाही, मामांना माहीत आहे, आणि ते सांगत नाहीत म्हणून आपण त्यांचं नाव कमी केलं. मी अध्यक्ष होतो आणि नियमाच्या आड लपलो. मी चार गावी जाऊन जे सांगितलं ते मी केलेलं नव्हतं, हे मी वरच्या कार्यालयाला काल लिहून पाठवलं आहे. एवढंच. त्यांना वाटलं होतं काही तरी होईल, कोणी उठेल, बोलेल. काही झालं नाही. मधल्या बाकावर कोणी तरी खोकलं. पेटीवाल्याला पुढचं गाणं कोणतं ते समजेना, म्हणून त्याने आधीचंच पुन्हा वाजवलं. मामा भिंतीकडे बघत होते. बाहेर पडताना एका गृहस्थांनी पाळकांना विचारलं, की आज चहा आहे की नाही.

सोमवारी सकाळी सेक्रेटरी पाळकांच्या घरी आले. बसा म्हटलं तर बसले नाहीत. खिशातून एक चावी काढून मेजावर ठेवली. जुन्या कुलपाची.

"आमच्या हिच्या शिवणाच्या डब्यात होती," ते म्हणाले. "काल घरी गेल्यावर हिनेच आणून दिली. तीन वर्षं झाली म्हणते. मेजावरच्या चादरी न्यायच्या, धुवायच्या, इस्त्री करायच्या, परत घालायच्या. मला वाटायचं बुधवारी बहिणीकडे जाते."

पाळकांनी चावी उचलून पाहिली.

"मी त्यांना तीनदा विचारलं, नावं सांगा म्हणून," सेक्रेटरी म्हणाले. "ते माझ्या तोंडाकडे बघत होते, पाळकसाहेब. तिन्ही वेळा."

त्याच आठवड्यात कमिटी पुन्हा बसली. ठराव मागे घेतला, आणि चांदीचे पेले सेक्रेटरींच्या घरच्या कपाटात ठेवायचं ठरलं. जुनं कुलूप परत बसवायला मामाच आले. सेक्रेटरी दाराशी विजेरी धरून उभे होते. दोघांचं बोलणं काय झालं म्हणाल तर मामा एकदा म्हणाले, हात हलवू नका, आणि सेक्रेटरींनी हात हलवला नाही. माफीबिफी कुणी मागितल्याचं पाळकांच्या कानावर नाही. दुसऱ्या रविवारी घड्याळ चालू होतं.

वरून उत्तर आलं, अतिशय सभ्य भाषेत, की आपल्या बदलीचा विचार तूर्त स्थगित ठेवला आहे. तो तूर्त स्थगितच राहिला. पाळक निवृत्त होईपर्यंत याच मंडळीत होते. पुढच्या सगळ्या वर्षांत तीन बाक वाढले. फळ्याच्या दिवसांत त्यांना या आकड्याची लाज वाटली असती. कधी एखादा तरुण पाळक भेटायला येई आणि विचारी, तुमच्याकडे माणसं आपणहून कामाला कशी येतात. ते म्हणत, मला नक्की माहीत नाही. तरुण पाळकाला तो विनय वाटे. चाव्या नेमक्या किती जणांकडे आहेत हे त्यांनी मामांना पुन्हा एकदा विचारून पाहिलं होतं. मामांनी चहाचा पेला खाली ठेवला आणि विचारलं, तुमच्या मुलीच्या परीक्षेचं काय झालं. तेव्हा तो नाद त्यांनी सोडला.

मामांशी त्यांचं शेवटचं बोलणं झालं ते एका शुक्रवारी संध्याकाळी. चष्म्याची दांडी ढिली झाली होती, आणि असले बारीक स्क्रू मामा फार छान बसवत. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. मामांनी चष्मा उजेडात धरून पाहिला आणि म्हणाले, हा स्क्रूच बदलायला हवा, ठेवून जा, उद्या न्या. मामांच्या श्वासाला जराशी घरघर होती. पाळकांच्या ते ध्यानात आलं, पण विचारलं नाही.

"चष्म्याशिवाय नीट जाल ना?" मामा म्हणाले.

"जाईन. रस्ता पायाखालचा आहे."

"मग उभे काय राहिलात," मामा म्हणाले. "उजेड अडतोय."