बसची उजवी बाजू

लेम्पी सारेला, शाळेच्या बसची चालक, हॉर्न एकदाच वाजवायची. दुसऱ्या हॉर्नच्या आशेवर राहिलेली पोरं चालत शाळेत जायची, आणि कूसी लेक गावच्या गोठवणाऱ्या जानेवारीत चालत शाळेत जाणं ही काही गंमत नव्हे. तिची पिवळी बस दारात उभी राहिली की घराघरातून मुलं एका पायात बूट, दुसरा हातात अशी धावत सुटायची. ज्यांना तिनं पहिलीत शाळेत नेलं होतं, त्यांच्या मुली आता तिच्याच बसमध्ये बसत होत्या आणि आयांइतकाच आरडाओरडा करत होत्या.

पण ही झाली नोकरी. लेम्पीचा जीव अडकला होता तो शाळेच्या मुलींच्या आइस हॉकी संघात. सामन्याला न्यायचं-आणायचं काम तिचं. खाणीत माणसं कमी झाली तशी गावात मुलंही कमी झाली, आणि आता तर संघ जेमतेम उभा राहत होता. एकीला ताप आला की दुसरीला तिच्या वाटचंही पळावं लागे. असा संघ राज्य स्पर्धेला राजधानीत, सेंट पॉलला जाईल हे गावात कुणी मोठ्यानं बोलत नसे. लेम्पी मात्र बोलायची, तेही पेट्रोल पंपावर, ओळख ना पाळख अशा माणसाशी.

या संघाची गोलरक्षक होती ब्रिन, लेम्पीची नात. तीन हिवाळ्यांपूर्वी ब्रिनची आई, म्हणजे लेम्पीची लेक कारी, आजारात गेली. तेव्हापासून ब्रिन आजीकडेच जास्त असायची, कारण तिचा बाप डेक्लन खाणीची यंत्रं दुरुस्त करत आठवडा-आठवडा बाहेर. घरी असला तरी रिंककडे, बर्फाच्या मैदानाकडे, फिरकत नसे. तिथल्या बाकावर कारीची जागा होती, ती रिकामी बघणं त्याच्यानं होत नसे. हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं, आणि लेम्पीनं विचारलंही नव्हतं. दोघंही हॉकीवर भांडायची. बाकी काही बोलायचं त्यांना जमतच नव्हतं.

डेक्लन मूळचा पूर्वेचा, बोस्टनकडचा. गेल्या ऑगस्टमध्ये तो लेम्पीच्या स्वयंपाकघरात बातमी घेऊनच आला. मॅसॅच्युसेट्समधल्या एका निवासी शाळेनं ब्रिनला जागा देऊ केली होती. गोलरक्षकांसाठी वेगळी प्रशिक्षक, वर्षभर बर्फ, पुढे चांगल्या कॉलेजचा रस्ता मोकळा.

"मी पण परत जाईन म्हणतो," तो म्हणाला. "बहीण आहे तिकडे."

लेम्पी वेलदोड्याचा पाव कापत होती. तिची सुरी थांबली. म्हणजे नातही जाणार आणि या भांडणाऱ्याचाही आवाज जाणार. भीती वाटली की ती नेहमी करायची तेच तिनं केलं: तावातावानं बोलायला लागली.

"तिकडे बर्फ भाड्यानं घेतात, घड्याळ लावून! वेळ संपली की पोरांना हाकलतात. इथे आभाळ देतं, नोव्हेंबर ते मार्च."

"आभाळ शिकवत नाही, लेम्पी. तिकडे शिकवणारी माणसं आहेत. इथे काय आहे? कोच हरणाच्या शिकारीहून परत आला तर सराव!"

"आणि माझ्या बहिणीचा नातू बघ, मिशिगनला. आईनं त्याला डेट्रॉइटला ने-आण करत अर्धं आयुष्य गाडीत काढलं. दर वर्षी नवा क्लब. त्याला विचार, कुठल्या संघात आहेस रे बाळा? आधी जर्सीकडे बघतो आणि मग सांगतो."

"पण खेळतो कसा ते सांगा की."

लेम्पीला खोटं बोलता येत नसे. "झक्कास खेळतो मेला," ती पुटपुटली.

"बघा!"

"पण कुणासाठी खेळतो? इथे पोर आपल्या गावासाठी खेळते. बालवाडीपासून ज्यांच्याबरोबर धडपडली त्यांच्याबरोबरच शेवटपर्यंत. सगळं गाव तिचं असतं."

"मग नेऊन दाखवा ना हे गाव सेंट पॉलला!" डेक्लननं टेबलावर हात आपटला. "या हिवाळ्यात संघ राज्य स्पर्धेला पोचला तर पूर्वेचं नाव काढणार नाही. नाही पोचला, तर पुढच्या सप्टेंबरात ब्रिन तिकडे, आणि मीही."

"लागली पैज," लेम्पी म्हणाली आणि बोलून गेल्यावर घाबरली.

ब्रिन समोरच पाव खात बसली होती. तिला कुणी काही विचारलं नाही. ती उठली, आणि गॅरेजच्या दारावर चेंडू फेकून झेलत बसली.

हिवाळा सुरू झाला आणि संघ हरत सुटला. लेम्पीची झोप उडाली. मग एका कडाक्याच्या दिवशी, दूरच्या गावी जाताना, बसच्या डाव्या बाजूचा हीटर बंद पडला. सगळ्या मुली एकमेकींच्या मांडीवर उजव्या बाजूला कोंबून बसल्या आणि डाव्या बाकांवर सामान रचलं. त्या दिवशी त्यांनी यजमानांना धू धू धुतलं.

लेम्पीनं हौसेनं हीटर दुरुस्त करून घेतला. पुढच्या सामन्याला बस तव्यासारखी गरम. पण एकीनंही डाव्या बाजूला बूड टेकलं नाही.

"अगं बसा की पसरून! वळणावर गाडी कलंडते माझी!"

"अजिबात नाही," टिली म्हणाली. टिली झुपान्सिच संघाची कप्तान. "जिंकतोय ना? कुणी हलायचं नाही."

लेम्पीनं वाद घातला नाही. हॉकी खेळणाऱ्यांच्या घरात ती जन्मली होती; जिंकत असताना काही बदलायचं नसतं हे तिला कुणी शिकवायला नको होतं. ती वळणं हळू घ्यायला लागली. बस उजवीकडे झुकून धावत राहिली आणि संघ जिंकत राहिला.

दुसरी नवलाई म्हणजे डेक्लन. पैज जिंकायची तर सामने डोळ्यांनी बघायला हवेत, असं म्हणत तो हंगामाच्या पहिल्याच सामन्याला आला तो दाराजवळ उभा राहिला. मग एक दिवस बाकापर्यंत आला. मग लेम्पीनं ब्रिनसाठी अंगणात केलेल्या छोट्या रिंकवर बर्फ धरावा म्हणून सकाळी पाणी मारायलाही यायला लागला. पहिल्याच दिवशी शहाण्यानं घाईघाईत नळ भरभरून सोडला. वर पापुद्रा धरला, खाली पोकळ, आणि हा त्यावर ऐटीत उभा राहिला तो मचकन घोट्यापर्यंत आत.

"काय रे, तिकडच्या शिकवणाऱ्या माणसांनी हे नाही शिकवलं?"

"तिकडे हे काम यंत्र करतं!" तो ओरडला आणि स्वतःच हसायला लागला. कारी गेल्यापासून लेम्पीनं ते हसू ऐकलं नव्हतं. तिनं त्याला कोरडे मोजे दिले आणि पातळ पातळ थर कसे द्यायचे ते दाखवलं.

बघता बघता फेब्रुवारी आला आणि कूसी लेक चक्क विभागीय अंतिम सामन्यात जाऊन उभं राहिलं. जिंकणारा सेंट पॉलला जाणार. समोर पाइन हार्बर. तीनपट मोठं गाव, बाकावर बदली मुलींची ही रांग. शनिवारी दुपारी आपलं सगळं गाव गाड्या काढून निघालं. बेकरीवाल्यानं दारावर 'बंद'ची पाटीसुद्धा लावली नाही. लावून वाचणार कोण?

लेम्पीला बसवेना. ती पॉपकॉर्नच्या खिडकीपाशी उभी राहिली. डेक्लन ब्रिनच्या गोलामागच्या काचेला नाक लावून. खेळाचे तिन्ही पिरियड संपले तेव्हा एक-एक बरोबरी होती. आता पहिला गोल करेल तो जिंकणार, संपलं. आपल्या मुलींचे पाय शिशाचे झाले होते. आणि तेवढ्यात पाइन हार्बरची सर्वात चपळ पोरगी काठीपुढे रबरी चकती घेऊन एकटीच सुटली. मध्ये कुणी नाही. समोर फक्त ब्रिन.

ब्रिन गोलाच्या तोंडाशी थांबली नाही. ती सरळ पुढे निघाली, मोठी मोठी होत गेली, आणि त्या पोरीला गोलाचा कोपरा दिसेनासा झाला. फटका थेट ब्रिनच्या पायावर! चकती उडून टिलीकडे, आणि टिली सुटली. ते शिशाचे पाय कुठे गेले देव जाणे. लेम्पी किंचाळत होती, पॉपकॉर्नवाली किंचाळत होती, टिलीनं डावीकडे झुकल्यासारखं केलं आणि उजवीकडून चकती जाळ्यात!

लेम्पीच्या डोक्यावर पॉपकॉर्नचा पाऊस पडला. खाली डेक्लन दोन्ही मुठींनी काच बडवत होता. मग तो गर्दीतून वाट काढत वर आला. डोळे लाल.

"हरलो, लेम्पी."

"छान हरलास."

"ते पुढे येणं... तिला शिकवलं कुणी?"

"कुणी नाही. पोरं आमच्या गोठलेल्या तळ्यावर खेळतात, तिथे गोलामागे ना भिंत, ना जाळी. मागे राहिली की चकती आणायला गुडघाभर बर्फात जायचं. म्हणून लहानपणीच पुढे यायला शिकली."

डेक्लननं लेम्पीला घट्ट मिठी मारली, केसांतल्या पॉपकॉर्नसकट.

सोमवारी मुख्याध्यापिका थोरसनबाईंनी संघाला आणि लेम्पीला कार्यालयात बोलावून आनंदानं जाहीर केलं की सेंट पॉलसाठी शहरातून आरामबस मागवली आहे. पडदे, टीव्ही, स्वतंत्र चालक. गेले कित्येक हिवाळे ज्या रस्त्याची वाट पाहिली त्यावर बस दुसराच कुणी चालवणार होता. लेम्पी "बरं" म्हणाली आणि जाऊन रिकामी बस झाडत बसली. रडू येत होतं ते तिनं केरात घातलं.

इकडे कार्यालयात टिलीनं हात वर केला. "मॅडम, त्या बसचा डावीकडचा हीटर कधी बंद पडला होता का?"

तेवढ्यात डेक्लन आत घुसला. "बाई, मी बोस्टनकडचा माणूस. असल्या खुळांवर माझा विश्वास नाही. पण बस बदललीत तर मी तुमच्या फाटकात बर्फात आडवा पडेन."

थोरसनबाई याच गावच्या. पोरवयात त्यांनी एक अख्खा हंगाम हॉकीचे मोजे धुतले नव्हते, आणि ते त्यांच्या आईला अजून आठवत होतं. त्यांनी आरामबस परत पाठवली.

बुधवारी सकाळी लेम्पी निघाली. पुढे अग्निशमन दलाची गाडी दिवे लावून, मागे डेक्लनची आणि साऱ्या आईबापांच्या गाड्या. रस्त्याच्या दोन्ही कडांना गाव उभं होतं, पातेली बडवत. वेशीपाशी लाल गाडी बाजूला झाली, तिनं भोंगा वाजवला, आणि समोर मोकळा रस्ता उघडला. लेम्पीचा ऊर भरून आला.

उजवीकडच्या पहिल्या बाकावर ब्रिन बसली होती. गोंगाट थोडा शमल्यावर ती पुढे वाकली. आजीला ती मुम्मू म्हणायची.

"मुम्मू, एक सांगू? डॅडला सांगायचं नाही हं."

"सांग."

"त्या शाळेला मी ऑगस्टमध्येच फोन करून नाही म्हटलंय. तुमची पैज लागली त्याच आठवड्यात. डॅडला मीच सांगते, असं शाळेला म्हटलं."

बस किंचित हेलकावली. "अगं कार्टे! अख्खा हिवाळा मी झोपले नाही! बोलली का नाहीस?"

"सांगणारच होते. पण पहिल्या सामन्याला डॅड दारात दिसला. मम्मी गेल्यापासून पहिल्यांदा. म्हटलं, राहू दे."

लेम्पीला समोरचा रस्ता धूसर दिसायला लागला. तिनं बाहीनं डोळे पुसले. आरशात डेक्लनची गाडी दिसत होती, खिडकीतून हात बाहेर, हातात कूसी लेकचा मफलर.

"मुम्मू."

"आता काय?"

"पुढच्या वर्षीची पैज लावशील ना त्याच्याशी?"

लेम्पीनं हॉर्न वाजवला. मग पुन्हा वाजवला.